सामायिक चलांचा सातबारा

सन १९७५ मध्ये बेल प्रयोगशाळेतून बाहेर पडलेल्या युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत 'प्रॉक डॉट एच' नावाची एक छोटी फाइल आहे. ('धारिका' हा शब्द आम्हांस प्रिय आहे, परंतु वाचकांपैकी बहुतेक जण दिवसभर फाइलच म्हणत असणार, तेव्हा हट्ट सोडतो.) चालू असलेल्या एकेका प्रक्रियेची नोंद कशी ठेवायची, त्या रचनेचे वर्णन या फाइलीत आहे, आणि वर्णनाचा महिरपी कंस बंद होताच, तिथल्या तिथेच, 'प्रॉक' नावाची सारणी जाहीर करून टाकली आहे. तिची घरे पन्नास. 'एक्स्टर्न' हा शब्द तेथे औषधालाही नाही.

ही फाइल कर्नलच्या अनेक फाइलींत 'इन्क्लूड' होते, म्हणजे ती ओळ प्रत्येक फाइलीत जशीच्या तशी उतरते. आज पुस्तकातून सी शिकलेला कोणीही म्हणेल की या हिशेबाने एकाच नावाच्या अनेक सारण्या झाल्या आणि लिंकरने तेथेच अडवायला हवे होते. लिंकरने अडवले नाही. सारणी एकच तयार झाली आणि यंत्रणा सुखेनैव चालली. हे कसे झाले, आणि जे तेव्हा चालले ते पुढे पंचेचाळीस वर्षांनी का चालेनासे झाले, याचा धांडोळा घेण्याचा आमचा मानस आहे.

प्रश्न मुळात सीपेक्षा जुना आहे. कार्यक्रम मोठा झाला की त्याचे तुकडे करावे लागतात. तुकडे वेगवेगळे कंपाइल झाले की एकाचे दुसऱ्याला दिसत नाही. आणि तरीही काही चल सर्वांचे मिळून असावे लागतात. १९५८ साली आयबीएमच्या फोरट्रान-२ मध्ये स्वतंत्रपणे कंपाइल होणारे उपकार्यक्रम आले, त्यांच्यासोबतच 'कॉमन' हे विधानही आले. कॉमनची रीत मोठी विलक्षण होती. त्यात सामायिक असे ती जागा. नावे सामायिक नसत. एका उपकार्यक्रमाने त्या जागेतील पहिल्या तीन खणांना तीन नावे द्यावीत आणि दुसऱ्याने त्याच तीन खणांना एक चल व दोन घरांची सारणी म्हणावे, यास कोणाची हरकत नव्हती. मेळ बसे तो क्रमाने. मधेच एखादा चल घुसवला आणि दुसऱ्या फाइलीत तो घालायचे राहिले की पुढचे सर्व एकेक खण सरकत. दारावरच्या पाट्या न वाचता चाळीतील खोल्या मोजत जाणाऱ्या पोस्टमनसारखी ही गत होती.

केंब्रिजचे मार्टिन रिचर्ड्स यांनी १९६७ मध्ये घडवलेल्या बीसीपीएल भाषेत निराळा तोडगा निघाला. तेथे 'ग्लोबल व्हेक्टर' नावाची एक लांबलचक सारणी असे आणि सामायिक करावयाच्या प्रत्येक गोष्टीस त्यातील क्रमांक प्रोग्रामरने स्वतः द्यावा लागे. कोणता क्रमांक कोणाचा, ही वही सांभाळण्याचे काम माणसाचे. केन थॉमसन यांनी बीसीपीएल आटवून बी ही भाषा केली तेव्हा आरंभी त्यांनी ही कटकट सरळ टाळली: संपूर्ण कार्यक्रम एकदमच कंपायलरपुढे ठेवावा, म्हणजे सामायिकीचा प्रश्नच उरत नाही. पुढे बीच्या नंतरच्या अवतारांत आणि डेनिस रिची यांच्या सीमध्ये हे ओझे लिंकरच्या खांद्यावर गेले. वेगवेगळ्या फाइलींत आढळणारे तेच नाव म्हणजे तीच वस्तू. क्रम गेला, क्रमांक गेला, नाव उरले. 'एक्स्टर्न' हा शब्दही बीमधलाच. तेथे त्याचे स्पेलिंग एक स्वर गाळून होते आणि बाहेरचा चल वापरू पाहणाऱ्या फंक्शनाने तो स्वतःच्या आत जाहीर करावयाचा असे.

ज्या यंत्रावर हे घडत होते त्याचा आवाका ध्यानात घेतला पाहिजे. बेल प्रयोगशाळेतील पहिल्या पीडीपी-११ यंत्राची स्मृती २४ किलोबाइट. पैकी १६ यंत्रणेकडे आणि उरलेली ८ वापरणाऱ्याच्या कार्यक्रमास. अशा जागेत सर्व काही एकदम कंपाइल करणे फार काळ परवडणारे नव्हते. फाइलींचे तुकडे ही येथे शिस्तीची बाब नव्हती, पोटापाण्याची होती.

आता पुन्हा त्या पन्नास घरांकडे वळू. सीचा कंपायलर प्रारंभिक किंमत न दिलेला बाह्य चल पाहिला की त्याची जागा तेथेच कोरून काढीत नसे. तो असेंब्लरला एवढेच सांगे की अमुक नावाची, अमुक बाइटांची सामायिक जागा लागेल. ऑब्जेक्ट फाइलीत याची नोंद ज्या युक्तीने होई ती आम्हांस फार गमतीची वाटते. ते नाव 'बाह्य पण अव्याख्यात' असेच नोंदले जाई; फक्त त्याच्यापुढच्या किमतीच्या रकान्यात शून्याऐवजी आकारमान लिहिले जाई. रकाना शून्य असेल तर नाव दुसरीकडे शोधा. शून्य नसेल आणि कोठेच व्याख्या सापडली नाही, तर तेवढी जागा काढून द्या. आकडे निरनिराळे आले तर सर्वांत मोठा धरा. ही उघडउघड फोरट्रानच्या कॉमनची सोय होती आणि सीने तीच आपल्या संसारात वापरली. म्हणून प्रॉक सारणीवर प्रत्येक फाइल हक्क सांगे आणि सर्वांचे हक्क एकाच जमिनीवर मान्य होत. सातबाऱ्यावर सामायिक खातेदारांची रांग असावी आणि मूळ मालक कोण हे विचारण्याची कोणाला गरजच पडू नये, तसे.

त्याच कर्नलात याहून नवलाचा एक चल आहे. त्याचे नाव केवळ 'यू'. चालू प्रक्रियेची खाजगी माहिती त्यात असते आणि कर्नलची कोणतीही फाइल त्याला नावाने हाक मारू शकते. त्याचा पत्ता असेंब्लीच्या फाइलीत एका ओळीत ठरवून टाकला आहे: अष्टमान पद्धतीत १४००००. प्रक्रिया बदलली की पत्ता तोच राहतो, पण त्या पत्त्यामागची खरी स्मृती यंत्राच्या नकाशात बदलली जाते. नाव एक, पत्ता एक, आणि तरी प्रत्येक प्रक्रियेचा 'यू' निराळा. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचे जॉन लायन्स यांनी या कर्नलवर विद्यार्थ्यांसाठी भाष्य लिहिले. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या परवान्याने अशा अध्यापनास मनाई केल्यावर ते भाष्य झेरॉक्सच्या झेरॉक्स काढून वाचले गेले. रीतसर पुस्तक व्हायला १९९६ उजाडले. एकाहून अधिक फाइलींत चल कसे नांदतात हे शिकायचे असेल तर आमच्या मते अजूनही त्याच्याइतके चांगले वाचन नाही.

१९७८ मध्ये कर्निघॅन आणि रिची यांचे पुस्तक आले. परिशिष्टातील संदर्भपुस्तिकेचा नियम मात्र निःसंदिग्ध आहे: अनेक फाइलींच्या कार्यक्रमात 'एक्स्टर्न'विना असलेली व्याख्या नेमक्या एकाच फाइलीत असावी, अन्य ठिकाणी 'एक्स्टर्न' लिहून तिचा केवळ उल्लेख करावा. म्हणजे पुस्तक एक सांगत होते आणि पुस्तककारांच्याच प्रयोगशाळेतील कंपायलर दुसरे चालवून घेत होता. सातव्या आवृत्तीत तीच प्रॉक सारणी शिर्षक-फाइलीत 'एक्स्टर्न' होऊन बसलेली दिसते आणि तिची व्याख्या एका वेगळ्या फाइलीत जाते. सगळे चल मात्र असे शहाणे झाले नाहीत. अनेक जुन्या सवयीप्रमाणेच राहिले.

मानकीकरण समितीपुढे हा गुंता १९८३ नंतर आला. तोवर सीचे कंपायलर नाना यंत्रांवर पोहोचले होते आणि प्रत्येक यंत्राच्या लिंकरची समजूत निराळी होती. समितीने आपल्या विवेचनात चार पद्धती नोंदवल्या. पहिली कॉमन, म्हणजे प्रत्येक उल्लेख हीच जागेची मागणी. मूळ रचनाकार रिची यांचा हेतू हाच होता असे समितीने लिहिले आहे. दुसरी युनिक्सची सैल पद्धत, तिसरी पुस्तकातील कडक पद्धत आणि चौथी प्रारंभिक किंमत असेल तेथेच व्याख्या मानणारी. १९८९ च्या मानकाने तिसरी आणि चौथी यांचा मेळ घातला, 'तात्पुरती व्याख्या' असा एक मधला प्रकार कल्पिला आणि युनिक्सच्या सैल रीतीस 'सर्रास आढळणारा विस्तार' म्हणून परिशिष्टात बसवले. म्हणजे दोष मान्य झाला, पण कोणाचेही घर पाडले नाही. लिंकरांच्या दारिद्र्याचीही समितीला दखल घ्यावी लागली: बाह्य नावाची पहिली सहाच अक्षरे महत्त्वाची, आणि लहान-मोठ्या लिपीतील भेद न मानण्याची मुभा. एकतीस अक्षरांची हमी १९९९ मध्ये मिळाली.

पण अधिक घातक उणीव नावाच्या लांबीत नव्हती. लिंकरला नाव कळते, पत्ता कळतो, फार तर आकारमान कळते; प्रकार कळत नाही. एका फाइलीत अक्षरांची सारणी असावी आणि दुसरीत त्याच नावाचा 'एक्स्टर्न' पॉइंटर लिहिलेला असावा. कंपायलर दोन्ही फाइली निमूटपणे पास करतो, लिंकर नाव जुळवतो, आणि चालताना कार्यक्रम सारणीतील पहिल्या काही अक्षरांनाच पत्ता समजून भलतीकडे धाव घेतो. स्टीव्ह जॉन्सन यांचे 'लिंट' हे साधन सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात आले ते अशाच चुका हुडकण्यासाठी. ते सर्व फाइली एकत्र वाचून साक्षी ताडून पाही. यावर रुळलेला उपाय म्हणजे 'एक्स्टर्न' उल्लेख एकाच शिर्षक-फाइलीत ठेवायचा आणि जेथे व्याख्या आहे त्या फाइलीतही ती इन्क्लूड करायची, म्हणजे कंपायलरला दोन्ही जबान्या एका बैठकीत ऐकू येतात. यातला दुसरा भाग लोक हमखास विसरतात. भाषा तो सक्तीचा करीत नाही. तो संकेत आहे.

सामायिक चल मुळात असावेतच का, हा वादही सीच्या जन्माइतकाच जुना. डेव्हिड पार्नास यांचा माहिती दडवण्याचा विचार मांडणारा निबंध १९७२ चा. विल्यम वुल्फ आणि मेरी शॉ यांचा सार्वत्रिक चलांना घातक ठरवणारा लेख १९७३ चा. त्याच सुमारास सीमध्ये 'स्टॅटिक' लिहिले की चल फाइलीच्या चार भिंतींत राहतो, ही सोय होती. पण ती मागावी लागे. काहीच न लिहिता फाइलीच्या पातळीवर जाहीर केलेला चल आपोआप सर्वांचा होतो. आमच्या मते सीचा खरा प्रमाद 'एक्स्टर्न'मध्ये नसून या उलट्या मुलभूत निवडीत आहे: दार उघडे हा नियम आणि कडी हा अपवाद.

आपल्याकडे या सगळ्याची गाठ क्वचितच पडे. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वर आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर ज्या पिढ्या वाढल्या त्यांचे कार्यक्रम बहुधा एका फाइलीत मावत. 'एक्स्टर्न' हा साठवणवर्गांच्या तक्त्यातील चौथा, परीक्षेत व्याख्येपुरता. त्याची खरी ओळख पहिल्या नोकरीत, दुसऱ्याने लिहिलेल्या शेकडो फाइलींसमोर बसल्यावर होई.

'यू'ची युक्ती मात्र पुन्हा अवतरली. त्रुटीचा क्रमांक ठेवणारा 'एर्‌नो' हा चल पूर्वी कार्यक्रमात हाताने 'एक्स्टर्न इंट' लिहून वापरीत. एकाच प्रक्रियेत अनेक थ्रेड आले, १९९५ मध्ये पॉझिक्सने त्यांचे मानक केले, आणि एकाची त्रुटी दुसऱ्याने पुसू नये म्हणून प्रत्येक थ्रेडचा एर्‌नो वेगळा झाला. लिनक्सवर आज ते नाव म्हणजे चालू थ्रेडच्या खणाचा पत्ता देणाऱ्या फंक्शनावर घातलेला मुखवटा आहे. जुनी ओळ हाताने लिहिणारे कार्यक्रम त्यामुळे लिंकरशी अडखळू लागले. गंमत अशी की शिर्षक-फाइल इन्क्लूड करणाऱ्यांना बदल झाल्याचा पत्ताही लागला नाही.

आणि मे २०२० मध्ये जीसीसीची दहावी आवृत्ती आली. कॉमन जागेची ती जुनी सवलत तिने न मागता देणे बंद केले; हवी असल्यास वेगळा पर्याय लिहून मागावी. त्याच वर्षी क्लँगनेही तेच केले. वर्षानुवर्षे बिनतक्रार बांधले जाणारे अनेक कार्यक्रम 'एकाहून अधिक व्याख्या' या संदेशावर थांबले. त्यांत लिनक्स कर्नल बांधताना लागणारे, हार्डवेअरची वर्णने वाचणारे एक छोटे साधनही होते. त्याच्या दोन फाइलींनी 'वायवायलॉक' या एकाच चलावर मालकी सांगितली होती आणि आजवर कोणी विचारले नव्हते. दुरुस्ती म्हणून त्यांपैकी एका फाइलीतील ती एक ओळ खोडण्यात आली. जुन्या कर्नलांच्या प्रतींत मात्र ती तशीच आहे, आणि नव्या कंपायलरने ते बांधू पाहणाऱ्यास अजूनही तीच ओळ प्रथम आडवी येते.