दीर्घायुषी कुटुंबांतील स्मृतिभ्रंश

ज्या घराण्यांत अनेक भावंडे नव्वदी ओलांडतात, तेथील स्मृतिभ्रंशाचा धोका व त्यापासून मिळणारे संरक्षण हा वृद्धवैद्यकाचा विषय. वाढते वय हाच या विकाराचा सर्वांत मोठा जोखीमघटक. तरी अशा घरांत तो बहुधा उशिरा येतो. अमेरिका व डेन्मार्कमधील दीर्घायुषी कुटुंबांच्या अभ्यासात (२०१३) या वृद्धांच्या मुलामुलींत अल्झायमरशी जुळणारा बौद्धिक ऱ्हास त्या मुलामुलींच्या जोडीदारांपेक्षा कमी आढळला. नेदरलँड्सच्या हेन्ड्रिक्ये व्हान आंडेल-शिपर (१८९०–२००५) वयाच्या ११५व्या वर्षी वारल्या, तेव्हा त्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा नगण्य होत्या.

आनुवंशिकता : एपीओई जनुकाचा चौथा प्रकार धोका वाढवतो, दुसरा कमी करतो.

सोलापूर : अनेक भाषा बोलल्या जाणाऱ्या या शहरात जनुकांपेक्षा भाषांचा विचार अधिक महत्त्वाचा. पूर्व भागातल्या विणकर घरातली आजी लेकीसुनांशी तेलुगू बोलते, भाजीवालीशी मराठी, शेजारणीशी कन्नड किंवा हिंदी. हे सारे ती शाळेत न जाता शिकलेली असते. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लादी व सहकाऱ्यांनी ६४८ रुग्ण तपासले (२०१३). एकच भाषा बोलणाऱ्यांच्या तुलनेत बहुभाषकांत लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा सुरू झाली होती, आणि निरक्षरांतही हा फरक टिकून होता. निरोगी माणसांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत मात्र तो सर्वत्र दिसलेला नाही, त्यामुळे मतभेद आहेत. तरीही सोलापूरच्या घरांशी इतका जवळचा पुरावा दुसरा नाही.

उलट बाजू यंत्रमागाची. धोट्याच्या खडखडाटात शेजारच्या मागावरच्या माणसाशी कानाला तोंड लावून बोलावे लागते. अशा आवाजात वर्षे काढली की ऐकू कमी येऊ लागते. लॅन्सेट आयोगाने (२०२४) बदलता येण्याजोग्या १४ जोखीमघटकांत श्रवणदोषाला स्थान दिले आहे. हे घटक दूर झाल्यास सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो, असा आयोगाचा अंदाज आहे.

मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान : याच यादीत.

प्रमाण : २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत व ग्रामीण भागात तो अधिक. आईवडील शंभरीजवळ पोचलेल्या घरांतही वडीलधाऱ्यांचा विसराळूपणा म्हातारचळ म्हणून सोडून देऊ नये; कान, रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.