एकादशीचं खातं

उपवास करणं आणि उपाशी राहणं या दोन अगदी निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण ज्यानं कुणी केली, तो माझ्या मते आमच्याच धंद्यातला, म्हणजे हिशेबनीस असावा. एका बाजूला सोडलेले पदार्थ, दुसऱ्या बाजूला खाल्लेले पदार्थ, आणि खाली शिल्लक. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि बावीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब लिहिणारा कारकून. इतिहासाशी माझा संबंध शाळेतल्या सनावळ्यांपुरता. पण कुठलंही खातं दिसलं, की ते उघडलं कुणी आणि ओळख कुणाची, हे पाहायची खोड हाताला लागलेली आहे.

साबूदाण्याच्या खिचडीचंच खातं घ्या. तूप, जिरं आणि मीठ हे जुने ठेवीदार वगळले, तर मुख्य खातेदार चार: साबूदाणा, दाण्याचं कूट, बटाटा आणि हिरवी मिरची. आता या चौघांचा मूळ पत्ता पाहा. बटाटा पेरूच्या बाजूच्या अँडीज पर्वतातला. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. मिरची मेक्सिकोकडची. साबूदाणा ज्या कंदापासून करतात, तो टॅपिओकाही दक्षिण अमेरिकेचाच. सोवळ्यातल्या स्वयंपाकघरात, देवाला नैवेद्य दाखवून आपण जी बशी पुढे ओढतो, ती जवळजवळ सबंध अमेरिकन!

कोलंबस अमेरिकेला पोचला १४९२ साली. वास्को द गामा कालिकतला उतरला १४९८ साली आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० साली. या मंडळींचा एक पाय ब्राझीलमध्ये आणि दुसरा गोव्यात. त्यामुळे तिकडचे कंद, बिया आणि फळं जहाजातून इकडे आली. येताना काहींनी नावंही बरोबर आणली. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगीज. कोबी, काजू, पेरू, अननस, पपई यांचेही ओळखदार तेच. साबूदाणा मात्र बराच उशिरा रुळला. 'साबू' हे नाव मूळ मलायाकडच्या ताडासारख्या झाडाच्या पिठाचं. दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल बंद पडला, तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळनाडूतल्या सेलमला टॅपिओकापासून साबूदाणा करायला सुरुवात झाली, आणि आपल्या एकादश्या वाचल्या.

पण परका माल बाजारात येणं वेगळं आणि उपवासाला चालणं वेगळं. हे जमलं कसं? इथे आमच्या खात्यातली एक युक्ती कामी आली. रक्कम तीच ठेवायची, फक्त सदर बदलायचं! उपवासाला धान्य वर्ज्य, कंदमुळं आणि फळं चालतात. बटाटा जमिनीखाली निघाला, गेला कंदमुळात. रताळंही त्याच वाटेनं. शेंगदाणा कडधान्याचा सख्खा भाऊ, पण जमिनीत लपून बसलेला, म्हणून तोही सुटला. राजगिरा म्हणे भाजीचं बी. वरई तर सरळसरळ गवताच्या जातीची, गहू-तांदळाची चुलतबहीण, पण तिच्या कागदपत्रांकडे कुणी पाहिलंच नाही. शिवाय प्रत्येक घर म्हणजे स्वतंत्र रिझर्व्ह बँक. आमच्याकडे कोथिंबीर चालते, शेजारी चालत नाही. सौ.च्या माहेरी भेंडी चालते. हे परिपत्रक कुणी, कधी काढलं, हे विचारायचं नसतं.

मग माऊली एकादशीला काय खात होते? ज्ञानेश्वरी सांगितली १२९० साली, म्हणजे कोलंबस पोचायला अजून दोनशे दोन वर्षं होती. त्या काळात साबूदाणा नाही, बटाटा नाही, मिरची नाही. तिखटाला मिरी किंवा आलं. त्या शेतामळ्यांतून मिळण्यासारख्या वस्तू म्हणजे सुरण, शिंगाडा, काकडी, केळी, ताक.

हे सगळं मी विरंगुळा म्हणून उकरून काढलं नव्हतं. आईचं वय त्र्याहत्तर. महिन्याच्या दोन एकादश्या, संकष्टी, शिवाय सोमवार. रक्तातली साखर वाढली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "साबूदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. त्यात बटाटा. आजींना म्हणावं, उपास कमी करा, भाज्या वाढवा." आईनं उपास कमी करण्याऐवजी डॉक्टर कमी करायचं ठरवलं. "तुझे वडील गेल्यापासून एक एकादशी मोडली नाही," एवढंच म्हणाली आणि वाती वळत बसली. त्यावर बोलण्याची घरात कुणाची छाती नव्हती.

शेवटी मी इतिहास काढला. म्हटलं, "आई, उपास सोडू नकोस. माऊलींच्या वेळचा कर."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माऊलींनी खिचडी खाल्ली नाही, कारण त्यांना ती मिळाली नाही."

पण पुढच्या एकादशीला सुरण आला. आमसूल घालून उकडला, म्हणजे घशाला खाजत नाही. मग त्याचे पातळ काप थोड्या तुपावर परतले. काकडीची दह्यातली कोशिंबीर झाली, वर तूप-जिऱ्याची फोडणी आणि चमचाभर कूट. संध्याकाळी किसलेली काकडी आणि शिंगाड्याचं पीठ यांचं छोटंसं थालीपीठ. पिठापेक्षा काकडी जास्त, हे सौ.नं मला बाजूला घेऊन सांगितलं. आई म्हणाली, "माझी आजी असंच करायची. तेव्हा आम्ही नाक मुरडायचो." म्हणजे हा पथ्याचा ताजा सल्ला आमच्याच घरात दोन पिढ्या जमा होता, कुणी काढायला आलं नव्हतं, इतकंच. दोन-तीन महिन्यांनी तपासणी केली, तर साखर थोडी उतरलेली. आईनं त्याचं श्रेय पांडुरंगाच्या नावे जमा केलं. मी हरकत घेतली नाही.

गेल्या एकादशीला तिनं लाल भोपळा उकडून त्याचं दह्यातलं भरीत केलं. मला वाढता वाढता सहज विचारलं, "हा तरी इथलाच ना रे?"

लाल भोपळाही अमेरिकेतूनच आलेला. देवाच्या दिवशी खोटं कसं बोलायचं? मी म्हटलं, "तिकडचाच. पण आता बऱ्याच वर्षांचा रहिवासी आहे. घरचाच म्हणायचा."

आई पळी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. "मग साबूदाण्यानंच काय घोडं मारलं होतं?"