बिनतारी घराचें कुलूप

सातारा जिल्ह्यांत (आजच्या सांगली जिल्ह्याचा कांहीं भाग त्या वेळीं त्यांतच मोडत असे) 1943 ते 1946 या काळांत क्रांतिसिंह नाना पाटील यांचें प्रतिसरकार टिकलें, याचें एक कारण गांवोगांवच्या माणसांनीं तोंडें मिटून ठेवलीं हें होय. निरोप माणसानें माणसाच्या कानीं घालावा, अशी तेथील रीत. मुंबईस मात्र उषा मेहता व त्यांचे सहकारी यांनीं 27 ऑगस्ट 1942 रोजीं गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलीत तो चालला आणि 12 नोव्हेंबरला पोलिसांच्या हातीं सांपडला. फितुरी आंतल्याच एका तंत्रज्ञाची होती.

बिनतारी लहर भिंत जुमानीत नाहीं. तीच आज वायफाय या नांवानें साताऱ्याच्या पेठांत व सांगलीच्या गल्ल्यांत घरोघर खेळते आणि शेजाऱ्याच्या माडीवरही पोंचते. म्हणून तिच्यांतील मजकुरास संकेतलिपीचें कुलूप घालावें लागतें.

पहिलें कुलूप 1997 सालचें, डब्ल्यूईपी. ‘तारेइतकी गुप्तता’ असा त्या नांवाचा अर्थ. नांव ठेवणाऱ्यांचा धीर वाखाणण्यासारखा खरा! प्रत्येक संदेशाबरोबर जो बदलता आंकडा जोडावयाचा, तो अवघा 24 बिटांचा; म्हणजे 1,67,77,216 आंकडे संपले कीं पुनरावृत्ति अटळ. 2001 सालीं फ्लूरर, मँटिन व शमीर यांनीं त्याहून खोल दोष दाखविला आणि तें कुलूप निकालांत निघालें. 2004 पासून आलेलें डब्ल्यूपीए2 याहून पुष्कळच भक्कम. 2017 सालीं व्हानहूफ या बेल्जियन संशोधकानें त्याच्या जोडणींतील एक फट उघडकीस आणली, ती नव्या सॉफ्टवेअरनें बुजली. त्यांतील एईएस ही संकेतपद्धति मात्र अभंगच राहिली.

मग चोर येतो कोठून? आमच्या मतें, किल्लीच्या वाटेनें. मोबाइल राउटरास जोडला जातो त्या क्षणींचा संवाद एकदां टिपला, कीं चोरास दाराशीं उभें राहण्याचें कारण उरत नाहीं. तो आपल्या घरीं बसून परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाहतो. आमच्याकडील कुटुंबांत परवलीचा शब्द म्हणजे बहुधा घरांतल्या कोणाचा तरी मोबाइल क्रमांक. तो 6, 7, 8 किंवा 9 नेंच सुरू होणार, म्हणजे शक्यता 400 कोटि. सेकंदास दहा लक्ष शब्द पारखणाऱ्या यंत्रास (आणि अशीं यंत्रें आतां संगणकावर खेळणाऱ्या हौशी पोरांजवळही असतात) त्या सर्वांस 67 मिनिटें पुरतात. उलट, इंग्रजी बारा लहान अक्षरें चिठ्ठ्या टाकून निवडलीं, तर त्याच यंत्रास तीन हजार वर्षें लागतील. कुलूप दोन्हीकडे तेंच.

2018 सालीं आलेल्या डब्ल्यूपीए3 मध्यें घरीं बसून असे तर्क लढवितां येत नाहींत. प्रत्येक तर्क राउटरासमोरच करावा लागतो. तथापि जुन्या मोबाइलांची सोय म्हणून पुष्कळ राउटरांत दोन्ही कुलुपें एकाच दाराला लावलेलीं असतात, आणि जुनें कुलूप जुन्याच किल्लीनें उघडतें.