कोरड्या चटणीतील मीठ

राजांच्या वंशावळी सापडतात, तहनाम्यांच्या नकला सापडतात. परंतु भाकरीच्या कडेला जी चिमूटभर चटणी असते, तिची बखर कोणी लिहून ठेवलेली नाही. तथापि जालना जिल्ह्यातील एखाद्या शेतकऱ्याची शिदोरी सोडून पाहिली, तर त्या चटणीत बराच मोठा इतिहास कुटलेला आढळेल.

कृती अगदी साधी आहे. तीळ, जवस अथवा कारळे निवडून कोरड्या तव्यावर मंद विस्तवावर भाजावयाचे. दाणे तडतडू लागले की उतरवून निवू द्यावयाचे आणि मीठ, लसूण व सुक्या मिरच्या घालून उखळात कुटावयाचे. भाजल्याने बियांतील ओल जाते, टरफल ठिसूळ होते व वास सुटतो. जवसाचे कवच मूळचेच चिवट. दाणा अखंड गिळला तर तो बहुधा तसाच पोटातून निघून जातो, म्हणून कुटणे अवश्य. खडेमीठ आधी भाजून घ्यावे, म्हणजे चटणी ओल धरीत नाही. कुटणे फार झाले तर तेल सुटून गोळा बनतो. आणि कुटलेला जवस लवकर खवट होतो, यास्तव एका वेळी थोडीच चटणी करणे बरे.

आता या जिनसांची कुळकथा पाहू. तीळ आपल्याच भूमीतील. हडप्पा येथील उत्खननात जळालेले तीळ मिळाले आहेत. जवस पश्चिम आशियातून आला, आणि नर्मदाकाठच्या नावडातोली येथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत त्याचे दाणे सापडले. कारळ्याचे माहेर इथिओपिया. मिरची तर पोर्तुगीजांच्या मागोमाग अमेरिकेहून आलेली. ती वगळली म्हणजे भाजलेले तीळ व मीठ हेच चटणीचे साधे रूप उरते. जपानी लोक नेमके हेच मिश्रण भातावर घेतात व त्यास ‘गोमाशिओ’ म्हणतात.

परंतु बी शेतात पिकते, मीठ पिकत नाही. समुद्रापासून इतक्या दूरच्या या मुलखात कोकणच्या मिठागरांतील मीठ घाट चढून येई, ते बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. ‘लमाण’ हा शब्द ‘लवण’ यापासून निघाला, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. याच लोकांवाचून लष्करांचेही चालत नसे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे मराठ्यांशी लढलेला वेलस्ली आपल्या सैन्याच्या धान्यासाठी बंजाऱ्यांच्या तांड्यांवर किती अवलंबून होता, हे त्याच्या पत्रव्यवहारावरून दिसते. लढाईचे नाव इतिहासात राहिले. गोणी वाहणाऱ्यांचे राहिले नाही.

१९०० च्या सुमारास मनमाड–सिकंदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि तांड्यांचा उरलासुरला व्यापार बसला. त्यापूर्वीच, १८७१ च्या कायद्याचा आधार घेऊन, काही प्रांतांत बंजाऱ्यांतील काही समूहांवर गुन्हेगारीचा शिक्का मारण्यात आला होता. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या आपणांस मीठ पुरविले, त्यांच्या वाट्यास हे फळ आले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का मात्र इतक्या लवकर पुसला गेला नाही.

मिठावर सरकारची नजर होतीच. १९२३ साली त्यावरील कर मणास अडीच रुपयांपर्यंत चढला व पुढील वर्षी सव्वा रुपयावर आला. ज्याचे कालवण केवळ चटणी, त्यासही श्रीमंताइतकेच मीठ लागते. म्हणून हा कर गरिबास अधिक जाचक. १९३० साली दांडीस व आपल्याकडे शिरोड्यास जो सत्याग्रह झाला, त्याचे मर्म हेच होय. कर अखेर १९४७ साली उठला.

आज जालना बियाण्यांच्या उद्योगासाठी देशभर प्रसिद्ध आहे. पण कापूस व सोयाबीन यांच्यापुढे जवस-कारळ्यांचे तास आखडत गेले आहेत. चटणीसाठी कारळे आता पुष्कळ घरी विकत आणावे लागते. लोहमार्गाने तांडा नाहीसा केला तेव्हा त्याच्या वाटा कोणी टिपून ठेवल्या नाहीत. निदान या बियांची व त्यांच्या कृतींची नोंद, त्या हातांनी करणाऱ्या वृद्ध स्त्रिया आपल्यात आहेत तोवर, तांड्यांत व गावांत जाऊन करावी, असे आम्हांस वाटते.