समाजसेवेची शाबासकी

मेळाव्यासाठी केलेल्या आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर सर्वांत जास्त चर्चा झाली ती जेवणाच्या बेतावर. त्याखालोखाल एका प्रस्तावावर. माजी विद्यार्थ्यांतर्फे दर वर्षी नववी-दहावीतल्या एका मुलाला किंवा मुलीला उत्कृष्ट समाजसेवेबद्दल पुरस्कार द्यावा, असा तो प्रस्ताव. चषक द्यायचा की फिरती ढाल, रक्कम किती ठेवायची, यावर भरपूर मतं आली. निवड कशी करायची, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही नाही. पण मला एक जुनी गोष्ट आठवत राहिली. ती सांगण्याआधी, विद्यार्थ्यांच्या सेवेला शाबासकी देण्याची पद्धत आपल्याकडे कशी आली, ते थोडं वाचून काढलं. तेच इथे मांडते आहे.

समाजसेवा आधी आली, पुरस्कार बऱ्याच नंतर. १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग सुरू केली. गिरणी कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालयं चालवणाऱ्या या मंडळींच्या कामाला पदक नव्हतं. शाळकरी मुलांच्या सेवेला खूण देण्याची पहिली पद्धतशीर सोय केली ती स्काउट चळवळीने. पहिल्या महायुद्धाच्या काळात अ‍ॅनी बेझंट यांनी मद्रासला आणि मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू यांनी अलाहाबादला भारतीय मुलांसाठी स्काउट संघटना काढल्या. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी, वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ झाली. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला मुलींची गाइड संघटनाही त्यात आली. प्रथम सोपान, द्वितीय सोपान, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार. सोपान म्हणजे पायरी. इथे एका दिवसाच्या पराक्रमावर काही मिळत नाही, वर्षानुवर्षं चढत जावं लागतं. मात्र त्यासाठी शाळेत पथक लागतं, शिक्षक लागतात, आणि गणवेशाचे पैसे घरून यावे लागतात.

दुसरी पद्धत अगदी उलट, एका क्षणाची. २ ऑक्टोबर १९५७ रोजी दिल्लीच्या रामलीला मैदानावर पंडित नेहरू कार्यक्रम पाहत असताना शामियान्याला आग लागली. हरिश्चंद्र मेहरा हा चौदा वर्षांचा स्काउट तिथे स्वयंसेवक म्हणून उभा होता. त्याने खांबावर चढून आपल्या चाकूने कापड फाडलं आणि अडकलेल्या लोकांना वाट करून दिली. या घटनेतूनच भारतीय बालकल्याण परिषदेचे राष्ट्रीय शौर्य पुरस्कार सुरू झाले. मला यातला एक तपशील फार महत्त्वाचा वाटतो. तो मुलगा तिथे शौर्य गाजवायला गेला नव्हता, नेमून दिलेल्या कामावर होता. त्या दिवशी आग लागली नसती, तरी तो तितकाच वेळ उभा राहिला असता आणि त्याचं नाव कुणाला कळलं नसतं.

तिसरी पद्धत तासांची. १९६४ ते ६६ या काळात काम करणाऱ्या कोठारी आयोगाने सर्व टप्प्यांवरच्या शिक्षणात समाजसेवेला जागा असावी अशी शिफारस केली. या आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूरकडचे शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक. पुढे गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतल्या ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. नंतर ती अकरावी-बारावीपर्यंत आली. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं निवासी शिबिर, असा तिचा हिशोब. १९९३-९४ पासून तिचे राष्ट्रीय पुरस्कारही दिले जाऊ लागले. मी इंजिनिअरिंगला असताना केवळ दहा वाढीव गुणांसाठी नाव नोंदवणारे पुष्कळ होते. त्यातलेच काहीजण शिबिरात बंधारा बांधताना असे रमले, की पुढची अनेक वर्षं त्या गावात जात राहिले. म्हणून गुणांचं आमिष वाईटच, असं मी म्हणणार नाही. अमेरिकेतही २००३ पासून राष्ट्राध्यक्षांच्या नावे स्वयंसेवेचा पुरस्कार सुरू झाला, आणि त्यात अकरा ते पंधरा वयोगटासाठी कांस्य, रौप्य आणि सुवर्ण हे टप्पे वर्षाला ५०, ७५ आणि १०० तास असे ठरवलेले होते. तिथल्या मराठी घरांतली मुलंही आपले तास काटेकोर लिहून ठेवतात, कारण कॉलेजच्या प्रवेशाला ते उपयोगी पडतात.

तासांची पद्धत न्याय्य वाटते. पण तास कुणीतरी लिहावे लागतात. आता ती जुनी गोष्ट.

१९९५च्या हिवाळ्यात आपण नववीत होतो. देशभर पहिल्यांदाच पल्स पोलिओ मोहीम होणार होती. ९ डिसेंबर १९९५ आणि २० जानेवारी १९९६, असे दोन दिवस. तीन वर्षांखालच्या प्रत्येक बाळाला एकाच दिवशी डोस पाजायचा, ही कल्पनाच तेव्हा नवी होती. आधी पाजला असला तरी पुन्हा पाजायचा, हे आयांना पटवणं सर्वांत कठीण. बाईंनी वर्गात स्वयंसेवक विचारले आणि निम्म्या वर्गाने हात वर केले. तेव्हाची आपली गोराई आठवा. म्हाडाच्या प्लॉटवरची बैठी घरं, अर्धवट रस्ते, पलीकडे खारफुटी, आणि वारा फिरला की डम्पिंग ग्राउंडचा वास थेट वर्गात. (१९७२ पासूनचं ते डम्पिंग २००७ साली बंद झालं. आताच्या मुलांना तो वास सांगूनही कळणार नाही.) शाळा सुटल्यावर आपण घरोघर जायचो आणि संध्याकाळी साडेपाचला शाळेत येऊन वहीत सही करायचो. एका दिवसाची एक सही.

आपल्या वर्गातली एक मुलगी खाडीपलीकडच्या गोराई गावातून होडीने यायची. साडेपाचपर्यंत थांबणं तिला शक्य नव्हतं. ओहोटी असली की होडी लांब लागते आणि चिखलातून चालत जावं लागतं, ते अंधारात कसं करणार? घरी धाकटी भावंडंही होती. म्हणून तिने आपलं काम पलीकडे केलं. रविवारी चर्चमधून मिस्सा सुटला की ती दारात उभी राहायची आणि कडेवर मूल असलेल्या प्रत्येक बाईला तारीख सांगायची. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर तिने घरं, मुलांची नावं आणि वयं लिहून काढली होती. मी ती पानं पाहिली होती.

माझ्या अकरा सह्या झाल्या. त्यांतली बरीचशी घरं आमच्याच ओळीतली होती, जिथे मला चहा-बिस्किटं मिळायची. तिची एकही सही नव्हती. स्नेहसंमेलनात ‘उत्कृष्ट स्वयंसेविका’ म्हणून प्रमाणपत्र मला मिळालं. ती समोर तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. बाईंना ती पानं दाखवायला मला एक मिनिट लागलं असतं. मी दाखवली नाहीत. बाईंची यात काही चूक नव्हती, त्यांनी वही पाहून नाव काढलं. ज्याला वहीबाहेरचं माहीत होतं, तो एकच माणूस गप्प बसला, आणि तो माणूस मी होते.

१३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात देशातला शेवटचा पोलिओ रुग्ण सापडला, आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. ती बातमी मी ऑफिसात वाचली, आणि मला आधी आठवली ती गणिताची वही.

वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर एक गोष्ट पक्की कळली आहे. नोंद ठेवणारा जिथे बसतो, तिथलंच काम नोंदलं जातं. सोपानाला गणवेश दिसतो, शौर्याला आग दिसते, वहीला साडेपाच वाजता हजर असलेली मुलं दिसतात. घरचा स्वयंपाक करून शेजारच्या आजीचं औषध आणून देणारा मुलगा यांपैकी कशातच येत नाही.

म्हणून पुरस्कार देऊच नये, असं माझं म्हणणं नाही. त्या प्रमाणपत्राने मला पुढे पुष्कळ बळ दिलं, हे नाकारले तर खोटं ठरेल. माझ्या सूचना तीनच आहेत. एक, मुलांनी स्वतः अर्ज करायचा नाही. दवाखान्यातली परिचारिका, होडीवाले, शेजारच्या आजी, वर्गमित्र, कुणीही नाव सुचवावं. दोन, तास मोजायचे नाहीत. काय केलं, कुणासाठी केलं आणि किती दिवस टिकवलं, एवढंच विचारायचं. तीन, एकालाच चषक देण्याऐवजी शाळेच्या कार्यालयात एक जाड वही ठेवायची, सुचवलेलं प्रत्येक काम तपासून तिच्यात लिहायचं, आणि स्नेहसंमेलनात ती सगळी नोंद वाचून दाखवायची. वेळ लागेल. लागू दे.

लेख छापायला देण्याआधी मी तो तिला फोनवर वाचून दाखवला. प्रमाणपत्राचं तिला आठवतच नव्हतं. “पण एक आजी दार उघडत नव्हती, ते आठवतं,” ती म्हणाली. “दुसऱ्यांदा आईला घेऊन गेले तेव्हा उघडलं. त्या घरात दोन बाळं होती गं.”

ती मेळाव्याला येणार आहे. वहीचं पहिलं पान तिच्या हातून लिहून घ्यावं, तारीख ९ डिसेंबर १९९५ घालून.