उमेदवार पक्षाचा, मत कोणाचे?

राष्ट्रपतिपदाचा उमेदवार पक्षातील मोजक्या धुरीणांनी ठरवावा आणि इतरांनी नुसती मान डोलवावी, हे उचित आहे काय? १९६९ च्या जुलैत बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींच्या इच्छेविरुद्ध नीलम संजीव रेड्डी यांची निवड केली. यशवंतराव चव्हाण आणि स. का. पाटील यांचा कौल रेड्डींनाच होता. इंदिराजींनी रेड्डींच्या अर्जावर सूचक म्हणून सही केली. पुढे मात्र सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाचा आग्रह धरला.

मतदान गुप्त होते. मतदार होते खासदार आणि आमदार. हुमनाबादकरांनी निवडून दिलेल्या आमदारालाही तो अधिकार होता. पहिल्या पसंतीत कोणासही बहुमत लाभले नाही. तिसऱ्या क्रमांकावरील चिंतामणराव देशमुखांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती मोजल्यावर वराहगिरी वेंकट गिरी ४,२०,०७७ मतमूल्याने निवडून आले. रेड्डींना ४,०५,४२७ मिळाले.

उमेदवार सुचविणे हा पक्षाचा हक्क खरा. मतावर मालकी सांगणे हा नव्हे. मात्र निर्णय अमान्य असेल, तर सहीपूर्वीच तसे बोलावे. बंगळूरच्या बैठकीत वा दिल्लीच्या आवाहनात हुमनाबादच्या सामान्य मतदाराला कोणी विचारले नव्हते. त्याचा आमदार त्याचा विश्वस्त होता, पक्षश्रेष्ठींचा मुनीम नव्हे.