खडक, तारीख आणि अन्वयार्थ

पेन्सिलीने केलेल्या निसर्गरेखाटनाकडे भावी चित्राची पूर्वतयारी म्हणून पाहण्याचा प्रघात आहे. त्यामुळे रेखाटनाचा अर्थ बहुधा पूर्ण झालेल्या चित्राकडून उसना घेतला जातो. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिश (१७७४–१८४०) याचे ३ जून १८१३ या तारखेचे खडकाळ माथ्याचे रेखाटन या संदर्भात तपासण्याजोगे आहे.

नेपोलियनच्या युद्धामुळे ड्रेस्डेन सोडून फ्रीडरिश तेव्हा एल्ब नदीकाठच्या क्रिपेन गावी राहत होता. जवळच्या कायझरक्रोन टेकडीवरील वालुकाश्माचा खडक त्याने रेखाटला. सुमारे १८१८ मधील ‘धुक्याच्या सागरावरील पथिक’ या चित्रात तोच खडक पथिकाच्या पायाखाली आला. पथिकाच्या हिरव्या पोशाखाचा संबंध नेपोलियनविरोधी स्वयंसैनिकांच्या गणवेशाशी जोडून काही अभ्यासकांनी चित्रात देशभक्तीचे स्मारक पाहिले. या वाचनाला रेखाटनावरील तारीख सोयीची वाटते. कारण दुसऱ्याच दिवशी, ४ जून रोजी, प्लेस्विट्झची शस्त्रसंधी झाली.

परंतु अशा अनुमानात कालक्रम उलटा फिरतो. रेखाटनात पथिक नाही, धुकेही नाही. तारीख पाहण्याचा दिवस सांगते, अर्थाचा नव्हे. शिवाय चित्रातील भूदृश्य कोणत्याही एका स्थळावरून दिसत नाही. निरनिराळ्या ठिकाणांचे डोंगर त्यात एकत्र जुळवलेले आहेत. ‘वात्झमान’ (१८२४–२५) या चित्रातील आल्प्सचे शिखर तर फ्रीडरिशने प्रत्यक्ष कधीच पाहिले नव्हते. ते आउगुस्ट हाइनरिश या शिष्याच्या अभ्यासचित्रावरून आले आणि पुढील भागातला खडक १८११ च्या हार्त्स प्रवासातील स्वतःच्या रेखाटनावरून.

म्हणजे त्याचे रेखाटन शब्दकोशातील शब्दासारखे आहे. वाक्यात योजल्यावरच त्याचा अर्थ निश्चित होतो. मात्र शब्दही सर्वस्वी कोरा नसतो. परिसरातून एकच खडक वेगळा काढणे, त्याची ठेवण काटेकोरपणे टिपणे, ही निवडच आहे. आणि निवड हा अर्थनिर्मितीचा आरंभ होय. पुढे रचलेल्या भूदृश्यात हा खडक जवळजवळ जसाच्या तसा राहतो आणि कल्पिताला पाहिलेल्याचा आधार देतो.

रोमँटिक कलेला केवळ अंतर्मुखतेचा आविष्कार मानणाऱ्या समीक्षेला हा खडक ओलांडता येत नाही. तसेच, इतिहासाचा संदर्भ हाती लागताच अर्थ गवसला असे मानणाऱ्या समीक्षेलाही तो आधार पुरवीत नाही.